दाखल्यावर नुसतं ‘मुसलमान’ लिहिलंय. बहिणीचा इंजिनिअरिंगचा फॉर्म ओबीसीतून भरू की ओपनमधून?

डाळिंबपट्टी
१६ मे, दुपारी ३.१०

नमस्कार. मी मार्केटयार्डात फळबाजारात एका गाळ्यावर दिवाणजी आहे. पहाटे तीनला गाड्या लागतात, लिलाव उरकला की शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायच्या, त्यामुळे मला वेळ मिळतो तो दुपारीच. हिशोबाच्या कागदांची मला भीती नाही. पण गेले दहा दिवस जे कागद गोळा करतोय त्यांनी डोकं पार बधिर झालंय.

राहायला गंज पेठेत, फुले वाड्याच्या मागच्या बाजूला. घरात अब्बू, अम्मी, मी आणि धाकटी बहीण. दहावीला असताना अब्बूंची कंबर गेली, तेव्हा मी शाळा सोडून गाळ्यावर लागलो. त्याचं दुःख नाही, पण बहिणीच्या बाबतीत मी मनाशी ठरवलंय. तिला बारावी सायन्सला ७९ टक्के पडलेत. सीईटी दिलीय, निकाल जूनमध्ये लागेल, पेपर चांगले गेले म्हणते. तिला कॉम्प्युटर घ्यायचंय, नाहीतर ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन). आमच्या खानदानात बारावी पास झालेली ही पहिलीच.

आता अडचण सांगतो. आम्ही बागवान. शेजारच्या गाळ्यावरच्या मित्राने सांगितलं की बागवान ओबीसीत येतात, त्याच्या चुलतभावाने त्यातूनच फार्मसी केली. आमच्या घरात आजवर कोणी जातीचा दाखला काढलेलाच नाही. अब्बूंचा शाळेचा दाखला पुण्याच्या उर्दू शाळेतला, प्रवेश १९७४ सालचा. त्यावर धर्म-जातीच्या रकान्यात एकच शब्द, ‘मुसलमान’. माझ्या आणि बहिणीच्या दाखल्यावरही तेच उतरलंय. दादा, म्हणजे आमचे आजोबा, शाळेत गेलेच नाहीत. मूळ गाव इंदापूर तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात सगळं घेऊन पुण्यात आले, तेव्हा अब्बू चार वर्षांचे होते.

कचेरीबाहेर एकजण भेटला. पंचवीस हजार द्या, दाखला, नॉन क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला), व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) सगळं हातात आणून देतो म्हणाला. सायबर कॅफेवाला म्हणतो कशाला त्या भानगडीत पडता, ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बलांचा दाखला काढा, आठ दिवसांत काम होईल. आमच्याकडे बाजूला ठेवलेले एकूण बावीस हजार आहेत.

मी बहिणीवर जरा चिडलो. म्हटलं, कॉलेजात काहीच सांगितलं नाही का? ती म्हणाली, “अकरावीपासून व्हॅलिडिटीची नोटीस फळ्यावर लावलेली असायची. मी रोज वाचायचे. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी लिहिलेलं असायचं. त्यात आपण येतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.” यावर मी काय बोलणार? मलाही कुठे माहीत होतं.

तर ओबीसीतून भरू की ओपनमधून? ईडब्ल्यूएस चालेल का? आणि बावीस हजारांत पहिलं वर्ष निघेल का? कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा.

विशाल_वडगाव
१६ मे, संध्याकाळी ६.४५

भाऊ, माझं ऐक, ओपनमधून भर आणि मोकळा हो. माझ्या मामेभावाची व्हॅलिडिटी तारखेच्या आत आली नाही. लागलेली सीट गेली, नंतर जे मिळालं ते घ्यावं लागलं. घरात दोन महिने कोणी नीट जेवलं नाही. जुने पुरावे नसताना त्या रांगेत उभं राहणं म्हणजे पोरीच्या जिवाला घोर. आणि खरं सांगायचं तर पुण्यात कॉलेजं इतकी झालीत की दरवर्षी जागा रिकाम्या राहतात. ७९ टक्केवालीला सीट मिळणार नाही असं होणारच नाही.

खिडकी_क्रमांक_तीन
१६ मे, रात्री १०.२०

डाळिंबपट्टी, त्या कचेरीबाहेरच्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. आणि ईडब्ल्यूएसचा विचार डोक्यातून काढून टाका.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात अठ्ठावीस वर्षं काम केलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. जून-जुलैत खिडकीसमोर रडणारी मुलं मी खूप पाहिली. त्यातली बहुतेक मार्कांत कमी पडलेली नव्हती. एखादा कागद मिळायला आठ दिवस उशीर झालेला असायचा, किंवा तो कागद लागतो हेच घरात कोणाला माहीत नसायचं. तुमच्या बहिणीचं ते फळ्याचं वाक्य वाचून मी थोडा वेळ मोबाइल खाली ठेवला. आमच्या ऑफिसबाहेरही तशीच नोटीस लागायची. ती आम्हीच टाइप करायचो.

ईडब्ल्यूएस कोणासाठी, तर ज्याची जात आरक्षणाच्या कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी. बागवान राज्याच्या ओबीसी यादीत आहे. यादी जातींची आहे, धर्माची नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन असे कितीतरी समाज तीत आहेत. आपण यादीत आहोत हे माहीत असून ईडब्ल्यूएस काढलं तर उद्या तो दाखला खोटा ठरेल आणि पोरगी तिसऱ्या वर्षाला असताना प्रकरण अंगाशी येईल.

आता मुख्य गोष्ट. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्या दिवशी तुमचं कुटुंब कुठे राहत होतं आणि तुमची जात काय होती, हे त्या तारखेआधीच्या कागदावरून दाखवायचं असतं. अनुसूचित जातींना हीच तारीख १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१. गावोगाव भटकणाऱ्या माणसाकडे १९६१ चा कागद कुठून असायचा, हा प्रश्न मी नोकरीत असताना अनेकदा विचारला. तो वेगळा विषय आहे, पण मनातून जात नाही.

तुमचे दादा बहात्तरला पुण्यात आले. म्हणजे सदुसष्टला कुटुंब इंदापूर तालुक्यात होतं. म्हणून जातीचा दाखला पुण्यातून निघणार नाही, तो बारामतीच्या प्रांत कार्यालयातून काढावा लागेल. इथेच लोक फसतात. पुण्यात अर्ज करतात, महिन्याने तो फेटाळला जातो आणि तोवर जुलै उजाडतो.

पुरावा म्हणून वडिलांकडच्या रक्ताच्या कुठल्याही नातेवाइकाचा शाळाप्रवेश चालतो. दादा, त्यांचे भाऊ, तुमचे चाचा. यातल्या कोणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर सोन्याहून पिवळं. ज्या शाळेत नाव होतं तिथल्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश निर्गमचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने घ्या. शाळेत काहीच सापडलं नाही तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक मागा, गाव नमुना चौदा. जन्ममृत्यूच्या त्या नोंदीत जात लिहिलेली असते. फार जुनी पानं मोडीत असतात, मग वाचणारा शोधावा लागतो. आणि एक विचारतो: तुम्हाला आत्या आहे का? ती शाळेत गेली होती का? लोक पुरुषांचेच कागद शोधत बसतात. आत्याही वडिलांच्याच रक्ताची, तिची नोंद तितकीच पक्की.

जातीचा दाखला हातात आला की त्याच दिवशी पडताळणीचा अर्ज भरा, तो आता ऑनलाइन असतो. विद्यार्थ्याचा अर्ज नमुना १६, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३, पुराव्यांचं शपथपत्र नमुना १७, आणि ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचं १५-ए. या शेवटच्या सहीसाठी सुट्टीत कॉलेज बंद असतं, तेव्हा उद्याच फोन करा. नॉन क्रिमीलेअर वेगळं काढायचं, मर्यादा वर्षाला आठ लाख, तुम्हाला त्याची काळजी नाही.

विशाल म्हणतात ते घडतं, मी नाकारत नाही. पण नोंदणीच्या वेळी पडताळणीच्या अर्जाची पावती चालते, मूळ प्रमाणपत्र नंतर ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत द्यायचं असतं. नाही आलं तर ओबीसीचा दावा जातो आणि पुढच्या फेऱ्यांत ओपनमध्ये गणतात. म्हणून ओबीसीतून भरा, आणि पसंतीक्रमात ओपनमधूनही मिळतील अशी चार-पाच कॉलेजं खाली ठेवा. पसंतीक्रम कटऑफ बघून नाही, मनातल्या आवडीने लावा. पहिल्या पसंतीचं मिळालं की ते आपोआप पक्कं होतं, म्हणून पहिल्या ओळीत उगाच काही लिहू नका.

एवढा आटापिटा कशासाठी, तेही सांगतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएसमधल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना हे लागू नाही, तेव्हा मोठमोठ्या जाहिराती बघून तिकडे जाऊ नका. त्या एका कागदावर तुमच्या घरची चार वर्षांची फी अवलंबून आहे. शासकीय कॉलेजंही यादीत घ्या. आंबेगाव तालुक्यातलं अवसरीचं कॉलेज शासकीय आहे, तिथे वसतिगृह आहे. मुलीला बाहेर ठेवायला घर तयार नसतं हे मला ठाऊक आहे, पण एकदा जाऊन बघून या.

पर्वती_पायथा
१७ मे, सकाळी ७.०५

काकांनी कागदांचं सगळं सांगितलंय, त्यात मला भर घालता येणार नाही. मी पैशाचं आणि पुढचं सांगते.

आधी विशालदादांसाठी. जागा रिकाम्या राहतात हे खरं. पण त्या कोणासाठी रिकाम्या राहतात? केंद्राच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटातलं प्रवेशाचं सरासरी प्रमाण २८.४ टक्के होतं, अनुसूचित जातींचं २५.९ आणि जमातींचं २१.२. वर्गात बाक मोकळे आणि आमच्या वस्तीतली पोरं डिलिव्हरीच्या गाड्यांवर, हे एकाच शहरात चाललंय.

मी जनता वसाहतीत वाढले. जात मातंग. आई कचरा वेचायची, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं ओळखपत्र तिच्या गळ्यात असायचं. २०१३ साली मला इंजिनिअरिंगला सीट लागली. फ्रीशिपची, म्हणजे शुल्कमाफीची, मला पूर्ण माहिती होती, कागदही पूर्ण होते. खिडकीवर सांगितलं, “आधी सगळी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.” आई सकाळची फेरी टाकून आली होती, हातमोजे तसेच पिशवीत. तिने विचारलं, “किती?” आकडा ऐकल्यावर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, बाकी काही बोलली नाही. त्या संध्याकाळी बचत गटातून आणि एका सावकाराकडून मिळून अडतीस हजार उचलले. परतावा मला तिसऱ्या वर्षी मिळाला. तोवर व्याज किती गेलं ते आईने मला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून, काका, तुम्ही लिहिलेलं कागदावर खरं आहे, पण खिडकीवर एकट्या गेलेल्या मुलीला ते लागू करून घेता येत नाही. शुल्कमाफीच्या मुलांकडून प्रवेशावेळी ती फी मागू नये अशा शासनाच्या सूचना आहेत. डाळिंबपट्टीदादा, तो शासन निर्णय छापून पिशवीत ठेवा. खिडकीवर नम्रपणे दाखवा आणि “नाही चालणार” म्हणाले तर तेवढंच लेखी मागा. लेखी मागितलं की बोलण्याचा सूर बदलतो.

बावीस हजारांना हात लावू नका. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, ओळखपत्र, बस, पुस्तकं, ड्रॉइंगसाठी ड्राफ्टर, पुढेमागे लॅपटॉप, हे सगळं घरातून. जागा स्वीकारायची रक्कमही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासापर्यंत ऑनलाइन जावी लागते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला सीट लागली होती. साडेसतरा हजार रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. त्यासाठी त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि न्यायालयाने प्रवेश द्यायला लावला. सगळ्यांना तिथवर जाता येत नाही. पैसे ज्या खात्यात आहेत त्याचं ऑनलाइन बँकिंग आजच चालू करून घ्या, शेवटच्या दिवशी ओटीपी येत नाही.

आता पुढचं. प्रवेश झाला की घरच्यांना वाटतं जिंकलो. माझी खरी परीक्षा ऑगस्टमध्ये सुरू झाली. शाळा मराठी माध्यमाची. ग्राफिक्सच्या तासाला सर म्हणाले, “टेक द फ्रंट व्ह्यू,” सगळ्यांनी पेन्सिली चालवल्या, मी शेजारणीच्या शीटकडे बघत बसले. मला चित्र कळत होतं, शब्द कळत नव्हते. एम-वन (पहिल्या सत्राचं गणित) राहिला. विचारायला कोणी नव्हतं, कारण विचारलं की सगळ्यांना कळणार मी कुठून आलेय. वर्ग सोडून घरी जायचं दोनदा ठरवलं होतं.

तुमची बहीण उर्दू माध्यमातून आली असेल तर हेच होईल. तिला सांगा, माझ्याकडे माझा ड्राफ्टर आणि शीट कंटेनर अजून आहे, तो तिचा. आम्ही चौघीजणी दर रविवारी सकाळी दहाला पर्वती पायथ्याच्या एका अभ्यासिकेत पहिल्या वर्षाच्या मुलींना एम-वन आणि ग्राफिक्स शिकवतो. फी नाही. सहा मुली येतात, सातवी आली तर बाकावर सरकून बसू. निरोप पेटीत लिहा, पत्ता देते.

शेवाळवाडी_वॉचमन
१७ मे, रात्री ९.३०

आमच्यासारख्या ओपनमधल्या गरिबांना काही आहे का? मी सोसायटीत रखवालदार, पगार सोळा हजार. पुतण्या परभणीहून येणार आहे इंजिनिअरिंगला. माझ्या खोलीत आम्हीच चौघं झोपतो.

खिडकी_क्रमांक_तीन
१७ मे, रात्री १०.१५

आहे, आणि लाजू नका. ईडब्ल्यूएस त्याच्यासाठीच आहे. तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला आजच काढा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत मुलाला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, पाच टक्के जास्तीच्या जागा असतात, त्यांना शिक्षण शुल्क नाही. चॉइस कोडच्या शेवटी टी असतो, मात्र त्यांचा कटऑफ चढा राहतो. राहण्यासाठी विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहात अर्ज करा. १९५५ पासून खेड्यातल्या गरजू मुलांसाठीच ही संस्था आहे, कमवा-शिकाही आहे. मुलाखत असते, त्याला खरं खरं बोलायला सांगा. वसतिगृह नाही मिळालं तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघू. पुण्यात आला की इथे लिहा.

डाळिंबपट्टी
२६ मे, दुपारी २.५०

काका, ताई, उशीर झाला, माफ करा. आंब्याचा सीझन आहे, शेठकडून दोन दिवसांची सुट्टी मोठ्या मिनतवारीने मिळाली.

तुम्ही आत्याचं विचारलंत. आमची फुफी इंदापुरातच दिली आहे, वय अडुसष्ट. मी फोनवर विचारलं, फुफी तू शाळेत गेली होतीस का? म्हणाली, चार बुकं शिकले की. आम्हाला घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. अब्बूंनासुद्धा नाही.

बहीण आणि मी पहाटेच्या एसटीने गेलो. फुफीला घेऊन गावी. शाळा जिल्हा परिषदेची, सुट्टी होती, पण मुख्याध्यापक गावातच राहतात, आले बिचारे चावी घेऊन. लोखंडी कपाटातून लाल कापडात बांधलेली रजिस्टरं काढली. कडेची पानं वाळवीने खाल्लेली, ते एकेक पान तळहातावर घेऊन उलटत होते. १९६२, १९६३ झालं, काही नाही. मला घाम फुटला. मग जून १९६४. निळ्या शाईत फुफीचं नाव, पुढे दादांचं नाव, आणि जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘बागवान’. मी चार वेळा वाचलं. बहिणीने बोट ठेवलं तर सर म्हणाले, “बोट नको बेटा, शाई उडेल.”

फुफी म्हणाली, मलाही दाखवा. चष्मा आणला नव्हता, म्हणून बहिणीने तिला ओळ वाचून दाखवली. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं साल १९६८, शेरा ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. फुफी एकदम म्हणाली, “गैरहजर कसली? तुझा बाप झाला, त्याला सांभाळायला घरी ठेवलं मला.” मग सरांना विचारलं, हे बदलता येईल का. सर म्हणाले, आजी, आता नाही बदलता येत. त्यांनी उतारा लिहून दिला, शिक्का मारला, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

तिथून तसेच बारामतीला जाऊन प्रांत कार्यालयात जातीच्या दाखल्याचा अर्ज दिला. १५-ए साठी बहिणीच्या कॉलेजात तीन हेलपाटे झाले, सही शुक्रवारी मिळाली.

आता दोन शंका. फुफीचं लग्नानंतरचं नाव वेगळं आहे, त्याने अडेल का? आणि वंशावळ मी आणि चाचांनी मिळून काढलीय, त्यात दादा, दादांचे दोन भाऊ, अब्बू, चाचा, मी, आणि खाली बहीण. चालेल ना?

ताई, बहीण उर्दू माध्यमातलीच आहे. रविवारी येईल. मी सोडायला येईन.

खिडकी_क्रमांक_तीन
२६ मे, रात्री ९.४०

वाचून फार बरं वाटलं. १९६४ ची नोंद म्हणजे तुमच्या तारखेच्या तीन वर्षं आधीची, आणि त्याच गावातली. याहून चांगला पुरावा मी स्वतः मागितला नसता.

नावाने अडणार नाही. उताऱ्यावर तिच्या वडिलांचं नाव आहे, ते वंशावळीशी जुळलं पाहिजे. निकाहनाम्याची प्रत आणि फुफीचं आधार जोडा, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र तिच्याकडून घ्या.

पण वंशावळ परत काढा. तुम्ही ज्या फुफीच्या कागदावर सगळा अर्ज उभा केलाय, तिचंच नाव त्यात नाही.

आणि एक तपासा. ‘बागवान’ हे आडनाव म्हणून तुमच्या आधारवर, बहिणीच्या आधारवर आणि तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत सारखंच लिहिलंय का? व्ही आणि डब्ल्यूच्या घोळात मी अर्ज परत आलेले पाहिलेत.

डाळिंबपट्टी
२७ मे, दुपारी ३.३०

काका, व्ही निघाला, पण तो माझ्या आधारवर. बहिणीचं सगळं डब्ल्यू आहे, अल्लाचे आभार.

वंशावळ तिने रात्री बसून नव्याने काढली. फुफीचं नाव घातलं, आणि दादांची एक बहीण होती लहानपणी वारलेली, तिचंही घातलं. मी म्हटलं तिची काय गरज. म्हणाली, असू दे. शपथपत्र उद्या करतो, गाळ्यावरून अकराला सुटतो.